हसनाबादच्या रोलर कोस्टरचा दुसरा चढ

१४ जानेवारी, संक्रांत. सकाळी ६.४०

नवी वही. मागची वही फेब्रुवारीतच संपली होती. म्हणजे लिहिणं संपलं, पानं शिल्लक आहेत. पण शिळ्या वहीत नवं काम सुरू करू नये.

संकल्प. एक, रोलर कोस्टर बांधायचा. यंदाच. दसऱ्याला उद्घाटन. दोन, चहात साखर बंद. तीन, पार्थला फोन करायचा नाही. त्याने करायचा. अडीच वर्षं तो बोललेला नाही, मी नाही असं नाही. म्हणजे मीही बोललेलो नाही, पण बाप मी आहे.

जागा आहेच. हसनाबादच्या अलीकडे, कचरूच्या रानाला लागून दोन एकर. रिटायर झालो तेव्हा घेतली. बायकोला, शरयूला, तिथे आंबे लावायचे होते. मला आंबा वेळखाऊ वाटतो.

रोलर कोस्टरच का, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे (अजून कुणी विचारलेलं नाही). धंदा म्हणून. या भागात पोराबाळांना न्यायचं म्हटलं तर राजूरचा गणपती झाला की संपलं. पार्थ बघायला येईल, नातीला घेऊन येईल, तो भाग वेगळा.

संध्याकाळी. तिळगुळाचे सहा लाडू खाल्ले. तिळगुळात गूळ असतो, साखर नसते. संकल्प शाबूत.

१९ जानेवारी

हे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

पार्थ नऊ वर्षांचा होता. आमच्या स्टीलच्या मिलची ट्रिप मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात गेली होती. रोलर कोस्टरच्या गेटपाशी एक पट्टी उभी केलेली. चार फुटांच्या खाली असेल त्याला आत सोडत नव्हते. मी त्या माणसाला म्हणालो, पट्टी कशाला, मी डोळ्याने सांगतो, पोरगा चार फूट भरतो. माझा अंदाज चुकत नाही. त्याने पार्थला पट्टीपाशी उभं केलं. दोन बोटं कमी. रांगेतली माणसं हसली. मी आणखी वाद घातला. पार्थ रडला नाही, आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. रडला असता तर बरं झालं असतं.

परत येताना बसमध्ये मी त्याला शब्द दिला. आपला स्वतःचा बांधून देईन, तिथे पट्टी नसेल. तो म्हणाला, कधी? मी म्हणालो, लवकरच.

सत्तावीस वर्षं झाली. शब्द बुडवलेला नाही, लांबलेला आहे.

२६ जानेवारी

शरयूच्या ट्रंकेत पार्थची वही सापडली. नववीची. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने तारेचा रोलर कोस्टर केला होता, वरून गोटी सोडायची. तालुक्यात दुसरा नंबर आला. प्रदर्शन बघायला मला जमलं नव्हतं, डबल शिफ्ट होती. पुढे त्या तारेचा उपयोग मी कपडे वाळत घालायला केला. चांगली तार होती, अजून आहे.

वही बघून थक्क झालो. सगळं आहे. पहिली टेकडी सगळ्यात उंच पाहिजे, कारण गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला एकदा वर ओढते, त्यानंतर जे काही आहे ते त्या उंचीच्याच जिवावर. घर्षण थोडं थोडं खात जातं. म्हणून दुसरी टेकडी पहिलीच्या नऊ-दशांशाहून उंच नको. माझ्या पोराचं डोकं आहे हे. कुणावर गेलाय, ते सांगायला नको.

शेवटची दोन पानं वाचायची राहिली. तिथे नुसतंच लिहिलेलं आहे आणि चष्मा मिळेना. आकृत्या महत्त्वाच्या.

९ फेब्रुवारी

इतिहासाचा अभ्यास केला. यूट्यूब, सलग चार तास. मान धरली.

मुळात हे रशियातलं खूळ. थंडीत लाकडाचं उंच मचाण बांधायचं, उतारावर पाणी ओतायचं, त्याचा बर्फ झाला की घसरत खाली. जालन्यात बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, तेव्हा ते बाद. मग अमेरिकेत डोंगरातल्या खाणीतून कोळसा खाली आणायला उताराची रेल्वे होती. कोळशाचं काम दुसरीकडे गेलं तरी लोक नुसतं बसायला येत राहिले. आणि १८८४ साली न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी खास बसण्यासाठीच बांधलेला आला. सायकलपेक्षाही सावकाश चालायचा. तिकडच्या टोकाला पोचलं की सगळ्यांनी उतरायचं, माणसं गाडी ढकलत वर न्यायची, मग परतीचा प्रवास. तरी रांगा लागायच्या म्हणे.

म्हणजे त्यांनी सुरुवात माझ्याहून वाईट केली होती. फार धीर आला.

२३ फेब्रुवारी. दुपारी

रानात जाऊन फक्कीने आखणी केली. नाल्याकडच्या बाजूला स्टेशन आणि पहिली टेकडी. वरच्या बांधाकडे दुसरी. मग वळण घेऊन परत.

कचरू बांधावर बसून बघत होता. हा माझा शेजारी, वयाने माझ्याएवढाच, रान त्याच्याच चुलतभावाकडून घेतलेलं. तो म्हणाला, "साहेब, हितं उतार हाय. पानी त्या वरल्या बांधाकून खाली नाल्याकं येतं. गवंड्याची नळी आणा आन येकदा बराबर बघून घ्या, मंग खड्डे मारा."

मी त्याला समजावलं. एकतीस वर्षं मी मिलमध्ये काढली. भट्टीतून लालबुंद तुकडा बाहेर आला की नुसत्या रंगावरून मी त्याचं टेंपरेचर सांगायचो. शेठ मशीन लावून बघायचे, दहा-वीस डिग्रीच्या आतच असायचं. ज्याला आग डोळ्याने मोजता येते त्याला जमीन येत नाही का? रान कॅरमबोर्डासारखं सपाट आहे. मिलची फरशी अशीच होती.

कचरू म्हणाला, "फरशी मान्सानं केल्ती साहेब. रान कुनी केलं?" शेतकऱ्यांना इंजिनिअरिंग समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१० मार्च

लूप, म्हणजे गाडीला उलटा फेरा मारायला लावणारा रूळ, रद्द. पार्थच्या वहीत स्वच्छ लिहिलंय की पूर्वी गोल लूप करायचे आणि माणसांच्या माना आखडायच्या. आता पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा करतात. थेंबाचा आकार मला जमेल, पण भिवा म्हणाला, "साहेब, उलटं लटकून वेल्डिंग करायचं माझं वय ऱ्हायलं न्हाई." त्याच्या वयामुळे लूप रद्द. माझ्यामुळे नाही.

भिवा म्हणजे मिलमधला माझा जुना वेल्डर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. टाका मात्र अजून सरळ मारतो.

३० मार्च, पाडवा

पहिल्या टेकडीचा पहिला खांब उभा राहिला. त्यालाच गुढी बांधली. कचरूची बायको सोनूबाई पुरणपोळी घेऊन आली. खांबाकडे बघून म्हणाली, "बाई असत्या तं हितं आंबे असते." मी म्हणालो, आंबे कुठेही मिळतात.

भिवाचा गॅस सिलिंडर आपोआप लोळत दुसऱ्या टेकडीच्या खड्ड्यापासून स्टेशनपर्यंत आला. मोठा आवाज झाला. त्याने नीट ठेवला नव्हता. बोललो त्याला.

चहात साखर अर्धा चमचा. सणापुरती.

२० एप्रिल

उंची ठरली. पहिली तीस फूट. दुसरी सत्तावीस. म्हणजे बरोबर नऊ-दशांश. पार्थच्या सूत्रात एक इंचाची गडबड केलेली नाही. प्रत्येक खांब जमिनीपासून स्वतः टेपने मोजला. मी मोजत नाही असं जे कुणी म्हणतं त्याने येऊन बघावं.

तिसरी टेकडी रद्द. ऊन फार आहे.

चाकांचं काम सुंदर झालं. प्रत्येक जागी तीन चाकं. एक पाइपच्या वर, भार घ्यायला. एक बाजूला, वळणावर गाडी धरायला. एक पाइपच्या खाली, गाडी उसळून वर जाऊ नये म्हणून. ही खालच्या चाकाची युक्ती शंभर वर्षांपूर्वीची. ती येईपर्यंत उंच टेकड्या बांधायला लोक भीत. मी भिवाला म्हणालो, या तिसऱ्या चाकामुळे माणूस जागेवर राहतो. तो म्हणाला, घरात ते चाक बायको असते. चहा पिऊन कामाला लागलो.

४ मे

सहज म्हणून खांबांचा फोटो सूनबाईला पाठवला. अर्पिता पुण्याहून वर्षातून दोनदा नातीचे, अंतराचे, फोटो पाठवते. तिने अंगठा पाठवला. तासाभराने मेसेज आला. अंतरा विचारतेय, आजोबांच्या गाडीत बसायला उंची किती लागते?

आठ वर्षांची आहे. पुन्हा पुन्हा वाचलं.

लिहिलं, कितीही चालेल. इथे पट्टी नाही.

म्हणजे पार्थला कळलेलं आहे. त्याच घरात राहतो, कळणारच. आता त्याचा फोन येईल. दोन-चार दिवसांत.

११ मे

नाही आला. ऑफिसात काम असेल.

१ जून

कपाट आवरलं. ते खोकं परत हाताला लागलं. बीपी मोजायचं मशीन. पार्थने पुण्याहून कुरिअरने पाठवलं होतं, शरयूसाठी. ती गेली त्याच्या दीड महिना आधी. सील अजून तसंच आहे.

परत आत ठेवलं. वरच्या फळीवर, मागे. आवरणं पुढच्या रविवारी पुरं करू.

११ जुलै

पाऊस बरा आहे. सगळं पाणी मुद्दाम माझ्याच स्टेशनपाशी येऊन साचतं. दुसऱ्या टेकडीकडे ठणठणीत कोरडं. दोन दिवस पंपाने उपसलं. कचरू बांधावर उभा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तरी तो म्हणालाच, "पानी काय म्हनून राह्यलं साहेब?"

मी म्हणालो, पाणी म्हणतंय की स्टेशनला चर काढा. भिवाकडून चर काढून घेतला.

२ ऑगस्ट

शरयूची तिथी. तीन वर्षं.

दहाव्याला पार्थ जे बोलला ते लोकांना माहीत आहे. मी इथे लिहीत नाही. त्याच्या आधी हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने मला एकच विचारलं होतं, ते कुणाला माहीत नाही. डॉक्टरांनी नुकतं सांगितलं होतं की डोक्यातली नस फुटली, प्रेशर कित्येक महिन्यांपासून वाढलेलं असणार. पार्थ ओरडला नाही. हळू विचारलं, "मोजलं होतं का, बाबा?"

मी म्हणालो, मोजायला कशाला पाहिजे, चांगली दिसत होती.

खरंच दिसत होती. चेहऱ्यावर लाली होती. डोकं दुखतं म्हणायची, मी म्हणायचो पित्त आहे, आवळा खा. मला रंग कळतो. एकतीस वर्षं रंग बघून काढली. तिचा रंग चांगला होता.

संध्याकाळी. सोनूबाई भाकरी घेऊन आली होती. न विचारता सांगितलं तिने. शरयू दर रविवारी रानात यायची तेव्हा बांधावर डोकं धरून बसायची. "म्या म्हनलं साहेबाला सांगा. तं बाई म्हनल्या, सांगून काय व्हतंय, ते बघतेन आन म्हनतेन चांगली दिसून राह्यली."

हे सांगायला तिला तीन वर्षं लागली. जेवलो नाही. आधी राग आला होता, सोनूबाईचा. मग कुणाचा ते कळेना.

५ ऑगस्ट

काम जोरात. बाकीचं बंद. पार्थला फोन करायचा नाही हा संकल्प बदलला. आता संकल्प असा की दसऱ्याच्या आठ दिवस आधी करायचा. आमंत्रण म्हणून. आमंत्रणाचा फोन हा माघार घेतल्याचा फोन नसतो.

२२ ऑगस्ट, पोळा

साखर कारखान्याच्या भंगारातली साखळी बसवली. उसाच्या मोळ्या ओढणारी साखळी माझी गाडी ओढणार. मोटर लावली. गाडी कटकटकट करत वर गेली. हा आवाज कुत्त्यांचा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे लोखंडी कुत्ते गाडीखाली बसवलेत, साखळी तुटली तरी गाडी मागे येणार नाही. पार्कात लोक या आवाजानेच घाबरतात. त्यांना वाटतं काहीतरी मोडतंय. उलट तोच आवाज सांगत असतो की तुम्ही सुखरूप आहात. तीनदा वर नेऊन, कुत्ते उचलून, दोर बांधून परत आणली. खाली सोडली नाही. पहिली सोड उद्घाटनाच्या सुमारास, मान्यवरांसमोर.

कचरूने सजवलेले बैल दाखवायला आणले. एक बैल गाडी बघून बिचकला. बैलाला काय कळतं.

परवानगीचा अर्ज करायचा राहिलाय. आधी चालू होऊ दे. चालू नसलेल्या गोष्टीची परवानगी मागून काय फायदा?

१० सप्टेंबर

बोर्ड रंगवून झाला. 'शरयू झोका'. मी माझ्या नावाने 'जगन्नाथ ॲडव्हेंचर वर्ल्ड' सुचवलं होतं. भिवाने ऐकलं नाही, न विचारता शरयूचं नाव घातलं. बोर्ड बराच वेळ बघत उभा राहिलो. मग त्याला म्हणालो, शरयूमधला यू ऱ्हस्व आहे का बघ. नव्हता. दीर्घच पाहिजे होता.

२४ सप्टेंबर. सकाळी

आज पार्थला फोन करायचा दिवस. आठ दिवस आधी.

दुपारी. दुपारी माणसं कामात असतात.

संध्याकाळी. जेवणाच्या वेळी फोन करू नये.

अर्पितालाच मेसेज टाकला. दसऱ्याला दहा वाजता, सहकुटुंब. तिने लिहिलं, विचारते. हे लिहीत असताना बाजूला पार्थ असणार. 'विचारते' म्हणजे जवळजवळ होच.

पुढच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. अंतरासाठी उशी लहान लागेल. उद्या आणू.

२८ सप्टेंबर. सायंकाळी ६.१५

सगळं नीट लिहितो.

चाचणी आज घेतली. दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. भिवा म्हणाला, मातीची पोती ठेवून आधी सोडू. मी म्हणालो, पोत्याला काय वाटतं ते मला कसं कळणार? मीच बसतो. सोनूबाईने देवाचं नाव घेतलं. कचरूने नारळ फोडला आणि नेहमीसारखं वरच्या बांधाकडे एकदा बघितलं.

गाडी कटकट करत वर गेली. तीस फुटांवरून हसनाबादची घरं दिसतात, मंदिराचा कळस दिसतो, नाल्यापलीकडे मका. मी कधी एवढ्या उंचावरून हे रान बघितलं नव्हतं. बघताक्षणी काहीतरी खटकलं. पण साखळीने गाडी सोडली.

खाली जाताना खरं सांगतो, ओरडलो. वाऱ्याने टोपी गेली. मजा आली. पार्थ नऊ वर्षांचा असता तर, असं मनात आलं. तेवढ्यात दुसरा चढ लागला. गाडी चढली, चढली, हळू झाली. माथा चार-पाच फुटांवर होता. मला खांबाचा बोल्ट स्पष्ट दिसत होता, माझ्याच हाताने आवळलेला. गाडी थांबली. क्षणभर एकदम शांत. मग मागे.

मागे येऊन पहिल्या टेकडीवर थोडी चढली. परत पुढे. परत मागे. प्रत्येक वेळी थोडं कमी. मी मोजले. एकोणीस हेलकावे. मग मधल्या खोलगट जागेत येऊन उभी राहिली. पाय जमिनीला टेकत होते. उतरायला शिडीही लागली नसती.

भिवा आधी हसला, मग मागे वळला. कचरू जवळ आला. मला वाटलं आता म्हणेल, सांगितलं होतं. तो म्हणाला, "उतरा साहेब, पानी प्या."

मी उतरलो नाही. गाडीत बसूनच पार्थला फोन लावला. पाच वेळा वाजला. उचलला.

काय बोलायचं ते आठ महिने घोकलेलं होतं. त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, गाडी दुसरा चढ चढली नाही. तीस आणि सत्तावीस, तुझंच सूत्र. तरी नाही चढली.

मागे अंतराचा आवाज येत होता, कुणाशी तरी भांडत होती. मग त्याने विचारलं, "जमिनीची लेव्हल मोजली होती का, बाबा?"

तसाच आवाज. न ओरडता.

मी म्हणालो, नाही. मोजली नाही. म्हणालो, तेव्हाही मोजलं नव्हतं.

हे दुसरं वाक्य कसं आलं मला माहीत नाही. ते तीन वर्षं तोंडात होतं असं दिसतं.

तो म्हणाला, आम्ही दसऱ्याला येत नाही. अंतराला मी त्यात बसवणार नाही. तुम्हीही परत बसू नका. मग म्हणाला, ठेवतो. आणि ठेवला. रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

१८८४ सालीसुद्धा गाडी ढकलावीच लागायची, असं लिहिणार होतो. राहू दे.

२९ सप्टेंबर

वहीची शेवटची दोन पानं वाचली. चष्मा ट्रंकेवरच होता. पेन्सिलीने, नववीतल्या पोराच्या अक्षरात. 'टीप. येथे जमीन सपाट धरली आहे. खरोखर बांधायचे असल्यास आधी जमिनीची लेव्हल मोजणे.' खाली दोन रेघा मारल्या आहेत.

कचरूने गवंड्याची नळी आणली. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक त्याच्याकडे, स्टेशनच्या खांबापाशी. दुसरं माझ्याकडे. दोन टप्प्यांत वरपर्यंत नेली. पाणी हलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं टोकं धरून उभे राहिलो. त्याने अंगठ्याने खूण धरली.

साडेचार फूट. एवढं वर आहे तिकडचं रान. म्हणजे माझी दुसरी टेकडी पहिलीपेक्षा दीड फूट उंच आहे. कुठलीच गाडी चढली नसती.

कचरू म्हणाला, "तरी लई जवळ गेल्ता साहेब." चांगला माणूस आहे. फेब्रुवारीत त्याचं ऐकून मोजायला अर्धा तास लागला असता.

उद्घाटन रद्द. गादी आत आणली. लहान उशी परत घेत नाहीत.

१ ऑक्टोबर. दुपारी ४.०५

वरच्या फळीवरून खोकं काढलं. सील तोडायला कात्री लागली. आतले सेल गळून गेले होते, कोपऱ्यावरून चार नवे आणले. आत तिच्या नावाची चिठ्ठी होती, पार्थच्या अक्षरात. रोज सकाळी, आई, आणि वहीत लिहून ठेव.

पट्टा पहिल्यांदा उलटा बांधला. मग नीट. मशीनने दंड आवळला, सोडला.

१७४, १०६.

मला तर एकदम ठणठणीत वाटतंय. आरशात बघितलं. चेहऱ्यावर लाली आहे.

फोटो काढून पार्थला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या. त्याने लिहिलं, दहा मिनिटं शांत बसा, कुणाशी बोलू नका, आणि पुन्हा मोजा. आकडा कळवा.

बसलो आहे. बोलायला कुणी नाही, तेव्हा ते सोपं आहे. लिहिलेलं चालतं का ते विचारायचं राहिलं.

सहा मिनिटं झाली.